शंभरात किती?

१९६३ सालच्या जून महिन्यात, एका सोमवारी, मी बेर्शेबाच्या बाजारात दोन कामांसाठी उतरले. घरासाठी कोथिंबीर घ्यायची होती आणि दवाखान्यासाठी हायपोची पूड. हायपो म्हणजे एक्स-रेची फिल्म धुवायचं औषध. त्याचा आंबूस वास एकदा बोटांना लागला की दोन-दोन दिवस जात नाही. म्हणून कोथिंबीर मी वेगळ्या पिशवीत ठेवली, नाहीतर नवरा जेवताना म्हणतो, आज पुन्हा चटणीत तुझं ऑफिस. इतका साधा दिवस होता तो.

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. लहानसाच होता, गावाबाहेर, आणि एक्स-रेचं खातं तर इंग्रजांच्या वेळच्या एका जुन्या बराकीत. वर पत्रा. तो उन्हाने तापला की टिक टिक वाजत राहायचा. पुढे लांबट पडवी आणि तिच्यात पेशंटांसाठी एक लाकडी बाक, मध्ये मशीनची खोली, आणि मागे माझी डार्करूम. तिला खिडकी नाही आणि दिवा लाल. मी, शुलामिथ वाक्रूळकर, एक्स-रेचं काम मुंबईत शिकले आणि आठ वर्षं तिथे केलं. इथे इस्राएलात आल्यावर पहिले दोन महिने मला फरशी पुसायला लावली, कारण होदूहून आलेल्या बाईला मशीन काय कळणार! होदू म्हणजे आपला हिंदुस्थान. मग एक दिवस मशीन अडलं, ते मी चालू करून दिलं, तेव्हा कुठे पांढरा कोट मिळाला. अजून आठवलं की राग येतो.

हाडांचे डॉक्टर होते ऑयरबाख. व्हिएन्नाकडचे, सभ्य, कधी आवाज चढवायचे नाहीत, खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांना एकच ध्यास होता. आपल्या खांद्यावर हात लावून बघा, अगदी वर, बाहेरच्या कडेला एक कठीण उंचवटा लागतो. ते पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचं टोक. पोरवयात ते टोक सुटा तुकडा असतो आणि पंचविशीच्या आत बाकीच्या हाडाला सांधून जातं. काही माणसांचं मात्र कधीच सांधत नाही. साठी उलटली तरी तो तुकडा सुटाच राहतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, कारण दुखत नाही की खुपत नाही. अशी माणसं शंभरात किती, हे डॉक्टरांना मोजायचं होतं. कुठल्या पुस्तकात तीन लिहिलंय, कुठल्या पुस्तकात आठ. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता. पोलंड, रुमानिया, मोरोक्को, येमेन, इराक, होदू. प्रत्येक देशाचे शंभर खांदे.

आता माझी चूक सांगते. एका शब्बाथला, म्हणजे शनिवारी, जवळच्या ओफाकिम गावातल्या आमच्या लोकांच्या प्रार्थनेच्या खोलीबाहेर बायका बसल्या होत्या, आणि मी जरा मिरवायला म्हणून बोलून गेले, "आमचा डॉक्टर म्हणतो, हाड खोटं बोलत नाही. माणूस कुठून आला ते हाडावरून कळतं." त्यांनी ते खरंच एकदा चहा पिताना म्हटलं होतं. माझ्या तोंडून निघालं आणि झालं! त्या काळी इथले धर्मगुरू आमच्या बेने इस्राएल लोकांना लग्नासाठी कागद मागत होते, तुमच्या मागच्या पिढ्या खऱ्या यहुदी कशावरून म्हणून. कोकणात तेलाचे घाणे चालवताना शनिवारी बैल सोडून ठेवणारी आमची माणसं. शनवार तेली म्हणून सारा मुलूख आम्हाला ओळखायचा. तिथे कुणी कधी पुरावा मागितला नाही. इथे, आपल्या म्हणवणाऱ्या देशात, मागितला. मग बुडत्याला काडीचा आधार. पुढच्या सोमवारी ओफाकिमच्या बसमधून बावीस माणसं उतरली. इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतल्या साड्या, कुणाच्या हातात चिवड्याचा डबा. रांगेत उभं राहून प्रत्येकजण मला हळूच विचारत होता, "हाडाचा दाखला हितंच मिलतो ना?"

मी तशीच डॉक्टरांकडे गेले.

"हे लोक समजतात की तुम्ही त्यांना पुरावा देणार," मी म्हटलं.

"कसला पुरावा? हा तुकडा प्रत्येक देशात थोड्याफार लोकांना असतोच. त्याने काहीही सिद्ध होत नाही."

"मग तसं त्यांना सांगा."

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. होदूच्या रकान्यात तेव्हा चाळीस खांदे झाले होते. "शंभर होऊ देत. आत्ता सांगितलं तर कुणी येणार नाही. सव्लानुत, शुला."

सव्लानुत म्हणजे धीर धरा. या देशात ज्याला ज्याला दार उघडायचं नसतं तो आतून हा शब्द सांगतो. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण दोन महिने फरशी पुसलेली बाई पांढरा कोट सांभाळते. मी गप्प बसले, आणि डॉक्टरांइतकाच मला माझाही संताप येतो.

त्रेसष्टावा खांदा सॅमसनमामांचा. सॅमसन झिराडकर, वय सदुसष्ट, मुंबईच्या गोदीत जन्म घालवलेले, इथे सरकारी कामावर निलगिरीची झाडं लावायचे. केसांना खोबरेल चोपडून यायचे, मुंबईहून कुणी येणार असेल तर दुसरं काही मागवायचे नाहीत. त्यांची मुलगी येहुदित चोवीस वर्षांची. तिचं हाईम नावाच्या रुमानियन घरच्या पोराशी ठरलं होतं, तो बसच्या डेपोत मेकॅनिक. दोघं एकमेकांवर जीव टाकत होती. लग्न नोंदवायला गेली तर धर्मगुरूंच्या कचेरीतून परत पाठवलं, कागद आणा.

"डावा हात वर करा, मामा," मी म्हटलं. हा फोटो काखेतून घ्यावा लागतो, माणूस शपथ घ्यायला उभा असावा तसा हात धरतो. मामांनी हात वर केला आणि डोळे मिटले. मला वाटतं, त्यांनी खरोखर शपथच घेतली.

फिल्म धुतली तर टोकाचा तुकडा सुटा, मधली फट अगदी स्वच्छ. शिवाय गळपट्टीच्या हाडावर जुनी गाठ होती, मोडून सांधलेल्या हाडावर असते तशी. पोरवयात नारळाच्या झाडावरून पडले होते म्हणे. डॉक्टर खूश झाले. त्रेसष्टात तिसरा!

"चांगलं की वाईट गो, पोरी?" मामांनी विचारलं.

"दुखत नाही ना? मग चांगलंच."

"मंग कागद कदी मिलंल? कागद मिलाला की मी एलियाहू हन्नाबीचा नवसाचा मलिदा करनार हाय. तू यायचं."

मी म्हटलं, बघू. या एका शब्दाबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. मामा दर सोमवारी सकाळच्या बसने यायचे, बाकावर बसायचे, शर्टाची वरची तीन बटणं काढून डावा खांदा मोकळा ठेवायचे, म्हणजे डॉक्टरला पुन्हा बघायचा झाला तर खोटी नको. दुपारच्या बसने परत. डॉक्टर त्यांच्या समोरून जायचे, एक पेपरमिंट द्यायचे.

तर तो बाजाराचा सोमवार. वाळवंटातून तीन दिवस गरम वारा सुटला होता आणि त्या दिवशी तोही पडला होता. पिशव्या घेऊन मी बराकीत शिरले तेव्हा बरोबर बारा वाजले होते. कोकणातली माणसं भर दुपारी बाराला एकट्या झाडाखाली थांबत नाहीत. त्यांना रात्रीपेक्षा त्या वेळेचं भय जास्त. पडवीत कुणी नव्हतं, फक्त बाकावर मामा, भिंतीला टेकून, डावा खांदा उघडा. पत्रा टिक टिक करत होता.

"मामा, पाणी पिता का?"

मी हात लावला. खांदा उन्हाने गरम होता, पण मामा नव्हते. मुठीत पेपरमिंटची गोळी विरघळून चिकटली होती. सकाळी सातपासून ते बसले होते. डॉक्टर दोनदा समोरून गेले होते, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

मामांना दुसऱ्या दिवशी सकाळी माती दिली. मी गेले नाही, रजा मिळाली नाही.

त्याच दिवशी पहिली फिल्म बिघडली. बिघडली म्हणते, पण तिच्यात खोट काहीच नव्हती. दाविद नावाचा पोलिश ड्रायव्हर आला होता, सव्वासहा फूट उंच, खांदा दुखतो म्हणून. मी फोटो घेतला, डार्करूममध्ये फिल्म औषधात सोडली. लाल उजेडात हळूहळू हाड उमटलं. बारीक, म्हाताऱ्या माणसाचं हाड होतं ते. टोकाचा तुकडा सुटा, आणि गळपट्टीच्या हाडावर जुनी गाठ. मी बाहेर येऊन दाविदला विचारलं, गळपट्टी कधी मोडली होती का? तो म्हणाला, छे, कधीच नाही.

मला वाटलं कॅसेट, म्हणजे फिल्म भरायचा चपटा डबा, बदलली असेल. पुन्हा फोटो घेतला आणि पुन्हा तेच आलं.

त्यानंतर झिवा नावाची येमेनी बाई आली, मग मोरोक्कोचा एक सुतार, मग इराकची एक शिक्षिका. प्रत्येक फिल्मवर तेच हाड, तीच फट, तीच गाठ. ओले फोटो दोरीवर वाळत घातले की एकाच माणसाचे दहा फोटो लटकत असायचे, खाली दहा नावं. आणि डार्करूममध्ये, हायपोच्या वासाच्या खालून, अगदी मंद, खोबरेल तेलाचा वास येऊ लागला. मी दोन्ही ट्रे घासले, टाक्या घासल्या, फरशी पुसली. फरशी पुसायची मला सवय होतीच. वास काही गेला नाही.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण तिच्या खाली एक वेगळंच काहीतरी होतं. मला आतून कुठेतरी बरं वाटत होतं की घ्या, मोजा आता.

आठवड्याभरात डॉक्टरांच्या तक्त्याची पार वाट लागली. तेव्हापासून आलेल्या सदतीस माणसांत सदतीस, सगळ्या देशांचे. त्यांनी सगळ्या फिल्म उजेडाच्या पेटीवर मांडल्या आणि बराच वेळ पाहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाले, "शुला, तू एकच फिल्म पुन्हा पुन्हा छापतेस. मुंबईत कदाचित दहा जणांना एक फोटो पुरत असेल. इथे नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, सोमवारी बाराला पेशंट नसतात. तुम्ही स्वतः या. फिल्म तुम्ही भरा, बटण मी दाबते, धुवायला दोघं आत जाऊ. आणि खांदा तुमचाच असू दे."

ते आले. नव्या पाकिटातली फिल्म त्यांनी स्वतःच्या हाताने कॅसेटमध्ये भरली. सदरा उतरवला, डावा हात वर केला. बाहेर पडवीत कुणी नाही, हे त्यांनी स्वतः बघून दार लावलं होतं. मी फोटो घेतला आणि आम्ही डार्करूममध्ये शिरलो. काळा पडदा ओढला. लाल दिव्यात त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

फिल्म औषधात गेली. घड्याळाची टिकटिक, वर पत्र्याची टिकटिक. मग पडवीतला बाक करकरला. माणूस बसताना करकरतो तसा.

"बाहेर कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

तेलाचा वास दाटला होता. पाय घासत कुणीतरी मशीनच्या खोलीतून आलं आणि पडद्याच्या पलीकडे थांबलं. श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जरा घरघर असलेला.

"पोरी… लिवलं का गो त्यानं?"

डॉक्टरांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "तो काय म्हणतोय? शुला… कोण आहे तो? काय म्हणतोय?"

"कागद लिहिला का, असं विचारतायत."

"कोण?"

"ज्यांना तुम्ही पेपरमिंट द्यायचात ते."

ट्रेमध्ये हाड उमटून आलं होतं. डॉक्टर वाकले. आपल्याच खांद्याच्या जागी त्यांनी ती फट पाहिली, ती गाठ पाहिली. फिल्मच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः शिशाच्या अक्षरांनी लावलेलं त्यांचं नाव होतं. पडद्याच्या मागचा श्वास थांबत नव्हता, घाईही करत नव्हता. मामा कधीच घाई करायचे नाहीत. तोच तर त्यांचा दोष.

डॉक्टर खाली स्टुलावर बसले. म्हणाले, "व्हिएन्नाच्या शाळेत, यहुदी म्हणून, माझं नाक मोजलं होतं. पट्टी लावून. वर्गासमोर. मी अकरा वर्षांचा होतो."

"मग तुम्हाला तर कळायला हवं होतं," मी म्हटलं. दया आली नाही असं नाही. पण मी तेच म्हटलं.

त्यांनी तिथेच, लाल उजेडात, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. दवाखान्याचा शिक्का मी आणून दिला. मजकूर मला पाठ आहे. सॅमसन झिराडकर यांचा डावा खांदा मी तपासला. त्यात जो सुटा तुकडा आहे तो पोलंड, रुमानिया, मोरोक्को, येमेन, इराक इथून आलेल्या माणसांतही असाच आढळतो. या हाडात आणि इतर कोणाच्या हाडात फरक नाही. खाली सही. ते लिहून झालं तेव्हा पडद्यापलीकडे कुणी नव्हतं. डॉक्टर सदरा हातात घेऊनच घरी गेले, आणि त्यांनी बदली मागून घेतली असं मला नंतर समजलं.

संध्याकाळच्या बसने मी कागद घेऊन ओफाकिमला गेले. येहुदितच्या घरी सुतकात झाकलेले आरसे अजून तसेच होते. तिने कागद वाचला. ती बारा वर्षांची असताना इथे आलेली. रागावली की अर्धं हिब्रू बोलते, मला दोदा म्हणजे मावशी म्हणते.

"दोदा शुला, हे काय आहे?"

"तुझ्या बाबांना पाहिजे होता तो कागद."

ती हसली. पोरीचं ते हसणं मला बघवेना. "बाबांचा खांदा! दोदा, कचेरीतल्यांना बाबांचं काही नकोच आहे. त्यांना आईकडचं पाहिजे, यहुदीपण आईकडूनच येतं म्हणे. आईचं, मग सवताचं, मग सवताच्या आईचं, जितकं मागे जाता येईल तितकं मागे. सवता कुठे आहे? अलिबागेजवळ मातीत आहे. मी कुठून आणू तिचा कागद?" सवता म्हणजे आजी. "बाबांना मी किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, हाड म्हंजे हाड, त्यात आईचं बापाचं काय."

"मग हा ठेव तरी."

"दाय!" म्हणजे पुरे. "ज्यासाठी माझा बाप बाकावर बसून मेला तो कागद मी कुणाला दाखवणार नाही. मी भीक मागणार नाही. लग्न नाही झालं तर नाही."

तिचं लग्न झालं, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव अडकून राहील. पुढच्या उन्हाळ्यात आमचे लोक शेकड्यांनी जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसले. येहुदितही बसली, हाईमही तिच्या शेजारी बसला. त्यानंतर झालं. पण माझी गोष्ट त्याच्या आधीची आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती धुमसतच. रात्रभर झोप नव्हती. म्हाताऱ्याने जीव दिला, आणि तो नको त्या बाजूच्या हाडासाठी. दुपारी बाराला बराक रिकामी झाली तेव्हा मी तो कागद बाकावर ठेवला, त्यावर शिशाचा तुकडा ठेवला, आणि ओरडले. हो, रिकाम्या पडवीत, एकटी.

"घ्या मामा, तुमचा कागद! आणि ऐका, हा चालत नाही. बापाचं हाड नको म्हणतात. आजीचं पाहिजे, पणजीचं पाहिजे. कोकणात मातीत आहेत ना त्या? मग आणा त्यांनाच! उभं करा रांगेत एकेकीला, मी काढते फोटो!"

रागात माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो. मी चहा घेऊन परतले तर शिशाचा तुकडा बाकावर होता आणि खाली कागद नव्हता. वाऱ्याची झुळूक नव्हती. दुपारच्या फिल्म मी धुतल्या. स्वच्छ आल्या. मोरोक्कोच्या माणसाचं हाड त्याचं स्वतःचं, इराकच्या बाईचं तिचं. मी टाकीला टेकून रडले. मामा सुटले असं वाटलं. त्या आठवड्यात तेलाचा वासही गेला.

पुढच्या सोमवारी हाईम आला. डेपोत जॅक घसरून खांद्याला मार लागला होता. "येहुदितला सांगू नका, ती उगाच घाबरते," म्हणाला. मी त्याला उभा केला, सदरा काढायला लावला. गळ्यात साखळी, ताईत, काही नाही ना हे पाहिलं, कारण धातू असला की फिल्मवर पांढरा उमटतो. काही नव्हतं. फोटो घेतला. त्याला बाहेर बसायला सांगून मी पडदा ओढला.

बाराचा सुमार असेल. मी घड्याळ बघितलं नाही.

औषधात फिल्म हलवत राहिले. आधी खांद्याची कड आली. ती लहान होती, फार लहान, बाईमाणसाची. म्हातारपणाने हाड विरविरीत झालेलं. टोकाचा तुकडा सुटा. आणि वरच्या बाजूला, मानेच्या कडेशी, पांढऱ्या ठिपक्यांची एक वाकडी ओळ उमटू लागली. एक, दोन, पाच, नऊ. सोन्याचे मणी. आमच्याकडे लग्न झालेली बाई घालते त्या सरीचे मणी, आणि मध्ये दोन वाट्या.

पडद्याच्या पलीकडे काकणं वाजली.

"बाई…" आवाज बाईचा होता, थकलेला, पण जरा ठसक्यातला. "आमाला बलावलंस नव्हं?"

ट्रेवर धरलेली बोटं औषधात बुडाली तरी मला कळलं नाही.

"कोण?"

"येहुदितच्या आयेची आय."

मागे आणखी कुणीतरी खाकरलं. "आनि मी हिची आय."

त्याच्याही मागे कुजबुज झाली. पदर सावरल्याचा आवाज, काठी टेकल्याचा आवाज. बराकीत एवढी माणसं मावत नाहीत, हे मला ठाऊक होतं. बाकावर बसलेला हाईम नंतर म्हणाला, त्याच्या समोरून कुणी आत गेलं नाही. फक्त अचानक थंडी वाजली म्हणून त्याने सदरा घातला होता.

भीतीच्या खाली तो राग तसाच होता, आणि त्या रागानेच मला उभं धरलं. मी कोऱ्या फिल्मचं पाकीट फोडलं. पन्नास असतात एकात.

"एकेकीने या," मी म्हटलं. "डावा हात वर करायचा. किती जणी आहात?"

पडद्यापलीकडे पहिली हळूच मागे वळल्यासारखी वाटली, जणू मोजायला.

"कसं सांगू, बाई…" ती म्हणाली. "मागचं टोक हितून दिसत नाय."